हजेरी

पालकसभा म्हणजे फी, असं धरून
खिशात वीस मलोटी घालून गेलो होतो.
मागच्या बाकावर बसलो. गुडघे मावेनात.
पत्र्यावरून जुलैचं बर्फ ठिबकत होतं,
आणि खिडक्यांच्या फटीत कुणीतरी
वर्तमानपत्र कोंबलेलं, घट्ट.

नर्स मातुमेलो तट्टावरून आली.
घोंगडीची पिन सोडली,
काही बोलायच्या आधीच
कागदाचा एकेक बोळा उपसला,
खिडक्या सताड उघडल्या.
आम्ही कुरकुरलो. थंडी कडाडून चावली.
"थंडीनं लेफुबा होत नाही," ती म्हणाली,
"कोंडलेल्या हवेतून येतो तो."

आमच्याकडे सेफुबा म्हणजे छाती,
लेफुबा म्हणजे क्षय.
अंतर एका अक्षराचं.

मग विचारलं, घरी कप कुणी कुणी वेगळा ठेवलाय?
अर्धे हात वर. माझाही, अभिमानानं.
लिनेओचा टवका उडालेला निळा मग
मी स्वतः खिळ्याला टांगतो,
दुसऱ्या कुणी तोंड लावू नये म्हणून.
"कपाचा काही गुन्हा नाही.
लेकरू रात्री कुणाशेजारी झोपतं, ते सांगा."

एक खोली. एक शेगडी.
माझ्या पाठीला तिची पाठ.

"आणि दोन आठवड्यांहून जास्त
घरात खोकतंय कोण?"

आता सगळे मूग गिळून.
बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मोजत होत्या,
अठ्ठावीस, एकोणतीस,
मग कुणीतरी दम लागून थांबलं.

सोन्याच्या खाणीत एकोणीस वर्षं
मी रोज हात वर केला.
दिव्याचा नंबर पुकारला की हात.
पिंजरा खाली जाताना हात, वर येताना हात,
न आला तर माणूस खालीच राहिला समजायचं.
तो हात आज मांडीवर
दगड होऊन पडला होता.
शेजारचा मोखेले माझ्याकडे बघत नव्हता,
इतका ठरवून, की सगळ्यांनी बघितलं असतं तर परवडलं असतं.

लिनेओचा गणवेश यंदा आखूड झाला नाही.
बरं झालं, पैसे वाचले,
असं मीच म्हणालो होतो,
हसत.

आधी खोकला आला. मग हात.
नर्सनं नाव विचारलं
तर तोंडातून दिव्याचा नंबर निघाला.
कुणी हसलं नाही.

आता भिंतीवर दोन कार्डं.
माझं लांबलचक, औषधाचं.
तिचं आखूड; आजार मुळावर यायच्या आत अडवायचं.
रोज सकाळी ती नावं पुकारते,
माझं आधी, मग स्वतःचं,
आणि दोघांच्या वतीनं "हजर" म्हणते.
खिडकीतला कागद शेगडीत गेला.
पहिले काही आठवडे मी दाराशी झोपलो, वाऱ्याच्या तोंडी.
निळ्या मगातून आता सगळेच चहा पितात.

परवा कुंपणाशी मोखेलेनं हटकलं.
इकडंतिकडं बघत म्हणाला,
"थुंकी सकाळचीच लागते का रे?"

काल लिनेओच्या झग्याची दुमड उसवली.
दोन बोटं.