मध्यम तिखट

जिथे पंक्चर काढून मिळायचं
तिथे आता क्रॉफिश उकडून मिळतात.
टायरमधल्या हवेच्या दाबाचा जुना तक्ता
मालकिणीने भिंतीवरून काढलेला नाही;
त्याच्याच खाली खडूने लिहिलंय :
सौम्य, मध्यम, तिखट,
आणि 'तुमचं तुम्ही बघा'.

तीन महिने पापा रस्ता ओलांडायला तयार नव्हते.
"फिश सॉस टाकतात म्हणे,"
असं म्हणाले, जणू कुणी विहिरीत काही टाकलंय.
आमच्याकडे रू करायचं म्हणजे पीठ आणि तेल,
पाऊण तास ढवळायचं, जुन्या नाण्याचा रंग येईपर्यंत.
फोन वाजला तर वाजू द्यायचा.
चर्च सोडलं तर
घरात एवढाच धर्म.

काल त्यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली.
दोन पाळ्या शाळेची बस चालवून
माझ्यात पीठ भाजायचं त्राण नव्हतं,
म्हणून हाताला धरून नेलं.

मालकिणीचं नाव ख्वे.
बोलणं थेट आमच्यासारखं,
शब्दांची शेपटं खाऊन टाकणारं.
टेबलावर कागद पसरून तिने पिशवी उलटी केली :
लाल ढीग, वाफ, मक्याची कणसं,
लोण्यात बुडालेला ओंजळभर लसूण,
आणि ठेचलेल्या गवती चहाचा असा वास
की पलीकडच्या टेबलावरचं बाळ शिंकलं.

पापांनी हातमोजे परत केले.
डोकं पिरगाळलं, चोखलं
(ते त्यांना कुणी शिकवायला नको)
आणि थांबले.
मी शेऱ्याची वाट बघत होते.
"मका जास्त शिजलाय," म्हणाले,
आणि दुसरा उचलला.
मग तिसरा.

आतल्या बाजूला, फ्रीजरशेजारी,
एक म्हातारी स्टुलावर बसून लसूण सोलत होती,
पायात पुरुषी गमबूट.
"माझी आई," ख्वे म्हणाली. "पूर्वी आमची बोट होती,
इथेच, खालच्या धक्क्याला. हिरवी."

पापांचा हात ढिगात तसाच राहिला.
ऐंशी साली त्या धक्क्यावर हिरवी बोट एकच होती.
एका सकाळी तिची जाळी
या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलेली सापडली.
त्याच आठवड्यात आमच्या मासे सोलायच्या सुरीला
नवी मूठ बसली.
हे मला आईने सांगितलं, शेवटच्या आजारात, न विचारता.
पापांनी कधीच नाही.
आणि मीही त्यांना कधी विचारलं नाही.

म्हातारीने वर पाहिलं.
तिला काय दिसलं देव जाणे;
मला दिसला हनुवटीवर लोणी ओघळलेला एक म्हातारा.
सुरी न थांबवता ती मुलीला
त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"आई विचारतेय, भात आणू का?
खाली उरलेलं लोणी भाताशी खायचं असतं."

पापा हो म्हणाले,
इतकं हळू की मला मोठ्याने सांगावं लागलं.

भात आला, काठोकाठ.
चमचा बाजूला सारून
त्यांनी तो बोटांनी कालवला,
शितही ठेवलं नाही.
मिठाचं काय,
ते एकदा खाल्लं की खाल्लं.

बेसिनपाशी लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या.
एक चोळली, मग दुसरी,
पार सालीचा चोथा होईपर्यंत.
घरी आल्यावर भांड्यांच्या साबणाने.
मग कॉफीच्या चोथ्याने.

रात्री मागच्या पायरीवर दिवा दिसला.
बसले होते, बोटं नाकाशी धरून.
"जात नाही," म्हणाले.
मी म्हटलं, लसूण आहे, दोन दिवस राहणारच.

खाडीत काहीतरी डुबकन पडलं.

"ते सोमवारी बंद असतात का?"
"मंगळवारी."

त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं,
दिवा मालवला,
आणि हात न धुता झोपायला गेले.