कमरेइतक्या उंचीवर

जानेवारीत एका रात्री स्प्रिंग तुटली
तेव्हा मला वाटलं, सरोवरावरचा बर्फ फाटला.
तसा तो फाटतो इथे डुलुथला, रात्रीबेरात्री,
आणि आपण कूस बदलून झोपतो.
सकाळी गॅरेजचं दार जागचं हलेना,
आणि फावडं आत.

दुरुस्तीला फेंग लोर आला, माझ्या नातवाच्या वयाचा.
शिडीवर उभा राहून, ओठांत दोन स्क्रू धरून
तो आजीच्या कोंबड्यांबद्दल बोलत होता.
जाताना बिलाच्या मागे लिहून दिलं:
ग्रीस नको. सिलिकॉनचा फवारा, वर्षातून दोनदा,
बिजागऱ्यांना आणि चाकांच्या बेअरिंगला.
रूळ फक्त फडक्याने पुसा.
स्प्रिंगला हात लावू नका.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

मी त्याला सांगितलं नाही
की उर्होने अठ्ठावीस वर्षं रुळांनाच ग्रीस फासलं,
बोटाने, पावाला लोणी लावावं तसं,
आणि वर म्हणायचा, बघ कसं गप्प झालं.
ते मी पुट्टीच्या पात्याने खरवडलं.
दोन दुपारी गेल्या.
काळं, केसाळ, त्यात वाळू, पाइनच्या सुया,
कुठल्याशा उन्हाळ्यातला एक अख्खा पतंग.
कॉफीच्या डब्यात भरलं.
डबा अजून टाकलेला नाही.

एप्रिलमध्ये पाना घेऊन बसले.
थरथरणाऱ्या गोष्टींचे नट ढिले होतात,
हे फेंगने सांगितलं तेव्हा मी नुसती हं म्हटलं.
सात ढिले निघाले. आठवा होता कुठे कोण जाणे.

खाली घोट्याजवळ दाराला दोन डोळे आहेत,
एकमेकांकडे बघत बसलेले.
मध्ये कोळ्याने जाळं विणलं
किंवा एक जरा तिरळा झाला
की दार खाली यायचं नाव घेत नाही.
जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसते. त्याच्याच.

मग फळी आडवी ठेवायची उंबऱ्यावर.
दार तिला टेकलं की मागे फिरलं पाहिजे.
सौनाच्या बाकाची एक फळी उरली होती,
बाक उरलाच करायचा.
दार टेकलं, क्षणभर विचारात पडलं, फिरलं.

नोव्हेंबरात खालच्या रबराला फवारा मारायचा,
नाहीतर ते सिमेंटला धरून बसतं.
गोठलं तर बटण दाबत राहायचं नाही,
आधी बर्फ फोडायचा, मग विनवणी.

गाडी तर विकलीस, मुलगी टक्सनहून म्हणते,
जिथे कुणाचं काही गोठत नाही,
मग त्या दाराचे एवढे लाड कशाला?
मी म्हणते, दार आहे म्हणून.
दिवसातून दोनदा उघडतं:
फावडं काढायला, फावडं ठेवायला.

एक चाचणी मी पुढे ढकलत होते.
लाल दोरी ओढायची, मोटर सुटते.
मग दार हातांनी कमरेइतकं उचलायचं
आणि सोडून द्यायचं.
स्प्रिंग नीट असेल तर ते तिथेच थांबतं,
वर नाही, खाली नाही.
उचललं. सोडवेना.
किती वेळ तशीच उभी होते,
खांद्यात कळ, नाकावर थेंब,
तळव्यांखाली पत्र्याचा गारवा.
मग एकेक बोट काढून घेतलं.

दोन बोटं खाली आलं. थांबलं.
फेंगला फोन केला. तो म्हणाला, दोन चालतील,
चार झाली तर बोलवा.
कॅलेंडरवर लिहून ठेवलं: दोन.

अर्ध्या दारातून रस्ता गुडघ्यापर्यंतच दिसतो.
टपालवालीचे बूट आले, थबकले.
बाईने वाकून आत पाहिलं.
ठीक ना सगळं, मिसेस कांगास?

तपासतेय, म्हटलं.
हात पुसायला फडकं शोधत होते,
ते खांद्यावरच होतं.