वेळेचा रकाना

म्हापशाला कोर्टाच्या मागे, जिन्याखाली माझं टेबल.
पोर्तुगीज दाखल्यांचं मराठी करून देते, इंग्रजीही.
पानाला दर ठरलेला.
नियम एकच: मुळात आहे तेवढंच.
पदरचा स्वल्पविरामसुद्धा घालायचा नाही.

बापाच्या नावापुढे धंदा असतो:
भाटकार, सोनार, तारवटी, शेतकरी.
आईच्या नावापुढे लेखनिकाने
हात न उचलता ओढलेला एकच शब्द, दोमेस्तिक.
मी लिहिते: घरकाम.
तीस वर्षं लिहिते आहे.
बांदिवड्याच्या एका बाईच्या वाट्याला तेवढंही नाही,
नुसती आडवी रेघ.
तिला दीडशे चिजा तोंडपाठ होत्या,
हे तिच्या पणतीने सांगितलं, फीचे सुटे मोजता मोजता.
रेघेचं भाषांतर मी रेघ असंच केलं.

ही भाषा मला लिबानियाबाईंनी शिकवली,
सांतिनेजला, शिवणयंत्राच्या शेजारी बसवून.
त्यांचा शब्दकोश सात वह्यांत, शाईने लिहिलेला,
'एस'पर्यंत पोचला आणि बाई गेल्या.
वह्या माझ्या खणात आहेत. कसर लागते, उन्हात घालते.
काम म्हणजे त्राबाल्यु.
तो शब्द 'टी'त येतो.
राहूनच गेला.

सुईण आहे, पाचव्या वहीत: पार्तैरा.
दाखल्यांत मात्र ती कुठेच भेटत नाही.

हळदोण्याची बुकं वाचताना एक गोष्ट खुपायची.
एकोणीसशे तीसपर्यंत तिथली पोरं जन्मतात
पहाटेच्या सुमारास,
आंजेलुसच्या घंटेला,
दिवेलागणीला.
मग एकाएकी
दोन वाजून चाळीस मिनिटांनी.
अकरा वाजून पाच.
सातला नऊ मिनिटं कमी असताना.
सव्वीस वर्षं असं. मग पुन्हा पहाटेच्या सुमारास.
मधे लेखनिक तीनदा बदलले, अक्षराची वळणं बदलली,
मिनिटं तशीच काटेकोर.
कुठल्या बापाला त्या घटकेला मिनिटं सुचतात?
कोणीतरी एका हाताने चिमुकलं डोकं सावरत होतं
आणि घड्याळाकडे बघत होतं.

परवा शुक्रवारी, बाजारातून चोरिसांची माळ घेऊनच
एकजण आला. ऑस्विन फुर्ताद. स्विंडनला जायचंय.
वडिलांचा जन्मदाखला, अठ्ठेचाळीस सालचा.
गाव हळदोणे.
आई: एर्मेलिंद. घरकाम.
वेळ: रात्री तीन वाजून दहा मिनिटं.

मी विचारलं, आजी काय करायची?
"काही नाही हो, घरीच असायची.
म्हणजे, रात्रीअपरात्री लोक यायचे बोलवायला,
कंदील घेऊन, होडी घेऊन.
तिचं खिशातलं घड्याळ आहे अजून, काच तडकली आहे.
पप्पा कोणाला हात लावू देत नाहीत."

मी पेन खाली ठेवलं.
त्या रात्री तर तीच आडवी होती.
कळा तिच्या, पोर तिचं,
दुसरं कोण बोलवणार, तीच तर गावाची सुईण.
आणि तरी मान वळवून
तिने तीन दहा पाहिले.

नियम मोडला नाही मी.
घरकाम लिहिलं, सुवाच्य.
तीन दहा लिहिले, आधी अंकी, मग अक्षरी.
खाली सही, सहीवर गोल शिक्का,
शिक्क्यात माझं नाव आणि माझा धंदा.
आणि तारखेच्या पुढे, जिथे कुठलंच कार्यालय मागत नाही,
चार वाजून सतरा मिनिटं.

"वेळ कशाला?" ऑस्विनने विचारलं.
मी म्हटलं, ते घड्याळ चालतं का?
त्याने कागद फुंकर मारून वाळवला, घडी घातली.
"किल्ली दिली तर."