वाटा

वकीलबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला.
"जागा हेरंब आणि चारुताला, निम्मी निम्मी.
शर्वाणीताईंना पोस्टातले सव्वादोन लाख
आणि शिलाई मशीन.
कारण घालूया का, आजी? पुढे कोर्टात बरं पडतं."

कारण.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून
लोकांना लोकांशी जोडून दिलं.
मध्येच सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवू का?
कोण रडतंय, कशासाठी,
हे विचारायचं नाही, असा नियमच होता.

माहीमची जागा, चारशे पाच फूट कार्पेट.
बिल्डर म्हणतो पाडून बांधली की सहाशे वीस.
तेव्हा मी आत्ता वाटतेय
चौदाव्या मजल्यावरची हवा,
जिथे सध्या घारी फिरतात.

हेरंब चव्वेचाळीसचा, नोकऱ्या नऊ.
मित्रासाठी जामीन राहिला आणि मित्र दुबईला राहिला.
मी म्हटलं, छप्पर दिलं नाही तर रस्त्यावर येशील.
हसला. म्हणाला, रस्त्यावर आता पार्किंगला जागा नाही,
मला कोण देतंय?
चारुता नवरा सोडून आली ती इथेच आहे,
माझं बीपी रोज वहीत लिहिते,
लाल पेनाने, मास्तरीण ना.
आणि शर्वाणी.
शर्वाणीचं ठाण्यात घर, दोन बाथरूमचं.
तिला काय कमी आहे?

हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय
की कवळी काढली तरी निघत नाही.

गोपी टँकच्या बाजारात हिराबाई वाटे लावायची.
बोंबलांचे सहा ढीग, पाटीवर ओले,
आणि डोळ्यांनी जोखून
या ढिगातला एक त्या ढिगात.
तरी गिऱ्हाईक म्हणायचं, तो मोठा दिसतो.
घरी असं कोणी म्हणत नसे.
रविवारचं एक पापलेट, माणसं पाच.
मधला तुकडा हेरंबला, टायफॉइडमधून उठलेला.
डोकं चारुताला, चोखत बसायची तासभर.
शेपटी शर्वाणीची.
"मला शेपटीच आवडते," म्हणाली एकदा,
आठ-नऊ वर्षांची असेल,
आणि ताट घेऊन मोरीकडे गेली.
माझी सोय झाली.
पुढची पंधरा वर्षं मी ती सोय वाढली.

डॉक्टरांचा दाखला जोडलाय:
मन ठिकाणावर, स्मरणशक्ती शाबूत.

साक्षीला मेडिकलवाले गडाशेठ
आणि सोसायटीचे फर्नांडिस.
साक्षीदारांनी वाचायचं नसतं म्हणे,
हात हलताना बघायचा फक्त.
दोघेही माझ्या हाताकडे बघत होते,
आणि मी फोन उचलला.

"शर्वा, तुला पापलेटचा कुठला तुकडा आवडतो गं?"

पलीकडे ऑफिस. कोणीतरी आकडे वाचत होतं.
"आई? बरी आहेस ना? चारू कुठेय?"
"इथेच आहे. सांग ना."
"अगं, मासे सोडून मला सात वर्षं झाली.
गणपतीत आलेले तेव्हा सांगितलं होतं."
मग जरा थांबून,
"काही हवंय का तुला?"

इतक्या वर्षांत इतक्या कॉलमध्ये
मी ऐकलेली सगळ्यात महाग शांतता असेल ती.
तीन मिनिटं व्हायला अजून खूप वेळ होता.
"काही नाही," म्हटलं. "मशीनला तेल घालून ठेवते."
"कुठलं मशीन?"

गडाशेठ घड्याळ बघायला लागले, दुकानात पोरगा एकटा.
बाई म्हणाल्या, मग कारण?
कोरं ठेवा, म्हटलं. कोरं चालतं ना?
चालतं.

पेन उठेना.
वीजबिलाच्या पाठीवर गोल गोल काढून बघितलं,
शाई आली, गेली, आली.
फर्नांडिसनी खिशातलं आपलं पुढे केलं.