ओळ क्रमांक चारशे बारा

मे महिना, रात्रीचे पावणेदोन.
कूलरमधला वाळा सुकत आलाय
आणि मी २०४७ सालचं नागपूर गरम करून बघतेय,
आधी दीड अंशानं, मग दोन.

पडद्यावर देश म्हणजे चौदा हजार ओळी.
कोळसा किती, ऊन किती, वारा कुठल्या महिन्यात किती.
संध्याकाळी सात वाजता
सूर्य घरी गेल्यावर
अख्खं शहर एकदम कूलर लावतं,
तेव्हा काय जाळायचं, हा खरा प्रश्न.
बाकीचं सोपं आहे.

कोराडीचा एक संच मी मघाशी बंद केला.
बोटानं. २०३८ चा २०३३ केला, एवढंच.
आलेख वाकला शहाण्या मुलासारखा.
अजून निघालेलाच नाही तो धूर,
साठ लाख टन,
मी परत चुलीत कोंबला.

सकाळी गेले होते तिकडे, आकडे आणायला.
साहेबांनी आकडे दिले. पोहे मात्र गेटबाहेर,
इंदिराबाई गजघाटेंच्या ठेल्यावर.
तर्री वाढण्याआधी तिनं प्लेट पदरानं पुसली.
राखड.
कुरड्यांवर राखड, दांडीवरच्या लुगड्यावर राखड.
"पांढरं काई घेतच नाई मी आता."
मग म्हणाली, "बंद करून राह्यली का वं तू हे?"
मी नाही, म्हटलं, आम्ही फक्त हिशोब करतो.
"मंग कर ना बाई. लवकर कर.
माह्या नातवाची छाती वाजते रातभर."
आणि डाव गंजात तसाच धरून, जरा वेळानं,
"पण तिसऱ्या पाळीचे पोट्टे मंग पोहे कुठी खातीन?"

ओळ चारशे बारापाशी थांबलेय.
रोजगार, अप्रत्यक्ष. गुणक एक पूर्णांक आठ.
त्या आठात कुठेतरी ती बसलीय,
स्टोव्हसकट, पाय आखडून.

मी खाली एक ओळ वाढवली. तिचं नाव लिहिलं.
प्रोग्राम म्हणाला, एकक द्या.
टन? मेगावॅट? कोटी?
लिहिलं: प्लेट.
दिवसाला एकशे साठ, पावसाळ्यात कमी.
चालवलं.
लाल अक्षरांत आलं:
व्यवहार्य उत्तर सापडले नाही.

२०३३ चा २०३५ केला.
नातवाची छाती आठवली. परत २०३३.
उद्या अकराला दिल्लीशी बैठक आहे,
ही ओळ तोवर पुसायला हवी.

उठून खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं
तर बोटाला करडं काहीतरी, पिठासारखं.
ते पडद्याला लावून पाहिलं,
बरोब्बर त्या रिकाम्या चौकटीवर.