वार

होमा बेच्या दवाखान्यात, मंगळवारी,
अकुमू बाकावर बसली ती भिंत चाचपतच.
लेसोच्या गाठीत ओडोवाचे खडे,
करडे, मऊ, बाजारात वाटीनं मिळतात तसले.
खडा दाढेखाली फुटला की
कोऱ्या मडक्याचा वास येतो, म्हणाली,
आणि तेवढ्यावर जीव निवतो.
मी रागावले नाही.
मीही खायचे, ओडेरोच्या वेळी.

बोटाला टोचलं. थेंब यायला वेळ लागला.
आला तोही फिका,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा.
सात पूर्णांक चार.
खालची पापणी ओढून पाहिली,
आत ओमेना मासळीचं पोट.

अकरावा आठवडा.
पडद्यावर मूल भुईमुगाच्या शेंगेएवढं,
उड्या मारणारं.
सगळ्याच बाया मुलाकडे बघतात.
मी त्याच्या मागं बघते,
भिंतीला बिलगलेल्या त्या करड्या कोरीकडे.
तिच्याकडे बोट दाखवून
कुणी कधी विचारत नाही, ही कोणावर गेली.

अकुमूची वार आठवड्याच्या मानानं मोठी होती.
ओढगस्तीच्या घरातली थोरली मुलगी
वयाआधी उंच होते ना,
मनगटं बाहीतून बाहेर येतात,
तशी.
रक्त या दिवसांत झिरपतच येतं,
त्यात लोह ते केवढं!
हिनं फांदीला फांदी फोडली,
टोकाटोकानं टिपत राहिली
आईच्या आधी, आईच्याच ताटातलं.
चोरी म्हणावं का याला?
मला तरी शब्द सापडलेला नाही.

गोळ्या दिल्या. चहासोबत नको, संत्र्यासोबत घे.
शौचाला काळं होईल, घाबरू नकोस.
ओडोवा सोड, असं म्हणायला तोंड उघडलं
आणि म्हटलं, कमी कर.
ती हसली. गाठ अजून घट्ट बांधली.

ऑक्टोबरात, पहाटे, बॅटरीच्या उजेडात
मुलगी झाली. दोन किलो तीनशे.
मागून वार आली, ताटलीभर,
सहाशे नव्वद ग्रॅम.
नोंदवहीत वारेच्या वजनाला रकाना नाही.
मी समासात लिहिलं,
बारीक अक्षरात,
साहेबांना दिसलं तर दिसलं.

सासू बादली घेऊन आली.
इथं परक्याला विचारतात,
तुझी बिएरो कुठं पुरली?
म्हणजे वार कुठं, म्हणजे तू कुठला.
बादली उचलताना ती थबकली.
"जड आहे गं. पोरीपेक्षा
हिलाच जास्त जेवण मिळालं म्हणायचं."
मी म्हटलं, "हिनं वाढलं, आई."
मग मलाच कळेना
कुठल्या अर्थानं म्हटलं ते.

त्या दोघी, बादली आणि म्हातारी,
कुंपणापलीकडे गेल्या.
अकुमू खाटेवरून मान वळवून विचारत होती,
खड्डा खणतील तेव्हा
खालची माती कुठल्या रंगाची निघेल.