हातभर मागे

सव्वासहाची रेषा पावणेसातवर न्यायची,
असा कागद आला त्या उन्हाळ्यात.
मुहर्रकच्या क्लबात मी कोर्टाचं लाकूड सांभाळायचो :
उचललेली फळी, कुरकुरणारा सांधा, घामाचे डाग.
रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला.
खाली टेकला तिथे दोरीचं टोक
खलफनं अंगठ्यानं दाबून धरलं.
दुसऱ्या टोकाला मी, पेन्सिल घेऊन, रांगत.
वीस वर्षांचा होता. म्हणाला, किती मागे, मेस्त्री?
मी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला :
एवढं.

एवढ्यानं पुष्कळांची दुकानं बंद झाली.
बाहेरून सहज मारणारे आत धावू लागले,
धक्के खाऊ लागले.
हा तिथेच उभा राहिला,
हातभर मागे.

सकाळी वीजखात्यात थकलेल्या बिलांचे हिशेब,
मग्रिबनंतर सराव,
आणि सगळे गेल्यावर आणखी चारशे.
ते मी मोजायचो. लांबून चुकलेला चेंडू
लांबच उडतो, आणायला दुसरं कोण?
गेलेले जाळीखाली गुमान पडून राहायचे,
चुकलेले सगळे माझ्याकडे आले.
लोकांना त्याचे तीन-तीन गुण आठवतात.
मला चुकलेले पाठ आहेत :
डावीकडून आखूड पडायचे ते गुडघ्याचे.
मागच्या कडेवर आपटायचे
ते बाप सलमानियाच्या दवाखान्यात होता तेव्हाचे.
आणि एका रमजानात
आठ रात्री एकही धड नाही,
तरी पठ्ठ्या हसतोय.
लग्न ठरलं होतं.

तेरा हंगाम.
दोन कप, एक मोडलेली करंगळी,
दोह्याच्या संघाविरुद्ध सलग सात.
त्या रात्री कँटीनच्या कुट्टप्पननं
सगळ्यांना फुकट करक पाजला.
मी घरी वेंगुर्ल्याला फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं.
बायको म्हणाली, आणि तुमी खंय होतास?
म्हटलं, रिंगखाली.

शेवटचा सामना.
दोन गुणांनी मागे, तीन सेकंद, डावं अंग.
कपाळ मोठं झालेलं, पाय जड.
चेंडू बोटांतून सुटला तेव्हाच मला कळलं,
हा माझ्याकडे यायचा नाही.
गेला.
पंचानं दोनच बोटं दाखवली.
बुटाचं टोक रेषेवर होतं.
बरोबरी. जादाची पाच मिनिटं.
त्या पाच मिनिटांत तो खेळला असं
कुणी म्हणू नये.

हॉल रिकामा झाल्यावर मी टेप काढला.
डाव्या अंगाला रेषा दोन सूत जास्त.
पुन्हा मोजलं.
दोन सूत.
लाकूड फुगलं असेल, ऑगस्टात एसी बंद ठेवतात,
सगळा समुद्र आत येऊन बसतो.
दोरी ताणली गेली असेल.
माझा हात असेल.
त्याच्या अंगठ्याचा विचार मी केला नाही.

वर्षभर गिळून बसलो.
मग तो पोरांना शिकवायला येऊ लागला,
पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी,
तेव्हा एकदा बोललो.
चिमटीत दाखवलं : एवढं.
खलफ रेषेपाशी गेला, उकिडवा बसला,
बोटानं तिची कड चाचपली.
म्हणजे तेरा वर्षं, मेस्त्री,
इथून जे जे गेले
ते दोन सूत लांबून गेले?
म्हटलं, हो.
बराच वेळ मनात कसलीतरी बेरीज करत राहिला,
वीजखात्यातला माणूस.
मग शिट्टी वाजवून पोरांना उठवलं.

नव्या फळ्या येणार आहेत म्हणे, पुढच्या वर्षी.
तोवर रेषा मी हलवलेली नाही,
त्यानंही सांगितलेलं नाही.
पोरं तिथून मारतात, चुकतात,
चेंडू उड्या घेत थेट दाराशी येतो,
आणि मी गुडघ्यावर हात टेकून
उठतो.